पिकांच्या पाहणीसाठी उपग्रह : सुदूर संवेदनाची ओळख

कोणते पीक किती क्षेत्रावर उभे आहे, त्याची वाढ कशी आहे आणि त्यापासून किती उत्पन्न येईल, हे तीन प्रश्न दर हंगामात शेतकऱ्यासही पडतात आणि शासनासही पडतात. त्यांची उत्तरे मिळविण्याच्या रीती काळानुसार बदलत आल्या आहेत. पूर्वी गावातील जाणत्या मंडळींसह शिवारफेरी करून, पीक किती आणे आले हे नजरेने ठरवीत. ही आणेवारी दशमान नाणी आल्यावर पैसेवारी झाली. नजरेचा अंदाज माणसागणिक बदलतो, हा या रीतीचा मोठा दोष होय. तो टाळण्यासाठी १९४० नंतरच्या दशकात डॉ. पां. वा. सुखात्मे व डॉ. वि. गो. पानसे या संख्याशास्त्रज्ञांनी पीक कापणी प्रयोगांच्या पद्धतीस शास्त्रीय बैठक दिली. शेत व शेतातील तुकडा कोणाच्याही मर्जीने न निवडता आकड्यांच्या तक्त्यावरून निवडावा, तेथील पीक कापून, मळून तोलावे आणि त्यावरून मोठ्या क्षेत्राचे सरासरी उत्पन्न काढावे, असे या पद्धतीचे स्वरूप आहे.

आता या दोन रीतींच्या जोडीला तिसरी आली आहे. ती म्हणजे उपग्रहाद्वारे पिकांची पाहणी. तिलाच सुदूर संवेदन असे म्हणतात. या रीतीविषयी गावोगावी दोन टोकांची मते ऐकू येतात. उपग्रहास सर्व काही दिसते, तेव्हा आता शेतावर जाण्याचे कारण उरले नाही, असे काहींना वाटते. तर आकाशातून आपल्या बांधावरचे काय कळणार, असे इतर म्हणतात. ही दोन्ही मते बरोबर नाहीत. उपग्रहास काय दिसते व काय दिसत नाही, हे नीट समजून घेतल्यास या साधनाचा उपयोग कोठे करावा आणि कोठे त्यावर विसंबू नये, हे ठरविता येते.

उपग्रहास काय दिसते

सूर्याचे किरण जमिनीवर पडून परत फिरतात. ते मोजण्याची उपकरणे उपग्रहावर बसविलेली असतात. या कामाचे उपग्रह साधारणपणे ७०० ते ८५० किलोमीटर उंचीवरून, उत्तर व दक्षिण ध्रुवांच्या जवळून पृथ्वीभोवती फिरतात. आपल्या रिसोर्ससॅट मालिकेतील उपग्रहांप्रमाणेच इतरही अनेक उपग्रह भारतावरून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातील, अशी त्यांची कक्षा आखलेली असते.

पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील निळा व तांबडा भाग आपल्या अन्ननिर्मितीसाठी शोषून घेते आणि हिरवा भाग काही प्रमाणात परत पाठविते. म्हणून पान आपणांस हिरवे दिसते. तांबड्या रंगाच्या पलीकडे मनुष्याच्या डोळ्यास न दिसणारे किरण असतात. त्यांपैकी तांबड्यास लागून असलेल्यांना निकट-अवरक्त किरण म्हणतात. निरोगी पानाच्या आतील पेशी व त्यांमधील हवेच्या पोकळ्या यांवर आदळून हे किरण मोठ्या प्रमाणात परत फिरतात. पान पिवळे पडू लागले म्हणजे तांबड्या किरणांचे शोषण कमी होते. पान वाळले, झडले अगर त्याची आतील रचना बिघडली म्हणजे निकट-अवरक्त किरणांचे परावर्तनही घटते. या दोन प्रकारच्या किरणांतील फरक हाच उपग्रहावरून होणाऱ्या पीकपाहणीचा पाया आहे.

आपल्या देशात या तत्त्वाचा पहिला प्रयोग केरळात १९७० च्या सुमारास झाला. तेथील नारळाच्या बागांत मूळकुज रोगाचा उपद्रव होता. डॉ. पी. आर. पिशारोटी यांच्या मार्गदर्शनाखाली हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर बागांची छायाचित्रे घेण्यात आली आणि त्यांवरून रोगट झाडे निरोगी झाडांपासून वेगळी ओळखता आली. पुढे २३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने भू-निरीक्षणासाठी पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. १७ मार्च १९८८ रोजी भारताचा पहिला कार्यकारी सुदूर संवेदन उपग्रह आयआरएस-१ए कक्षेत गेला. त्याच वर्षी महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राची नागपूर येथे स्थापना झाली. २०१२ साली पिकांच्या अंदाजाचे काम नियमित व्हावे म्हणून केंद्रीय कृषि मंत्रालयाने दिल्ली येथे महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र सुरू केले.

हिरवेपणाचे गणित

निकट-अवरक्त व तांबड्या किरणांच्या परावर्तनावरून एक आकडा काढतात. त्यास वनस्पती निर्देशांक म्हणतात; कार्यालयीन कागदांत त्याचा उल्लेख ‘एनडीव्हीआय’ असा येतो. तो काढण्याची रीत सोपी आहे. निकट-अवरक्त परावर्तनातून तांबड्याचे परावर्तन वजा करावे आणि येणाऱ्या संख्येस त्या दोहोंच्या बेरजेने भागावे. पुढील आकडे समजुतीसाठी घेतले आहेत.

भरघोस वाढलेले पीक : निकट-अवरक्त ४५ टक्के, तांबडा ५ टक्के. वजाबाकी ४०, बेरीज ५०, निर्देशांक ०.८०.

पाण्याच्या ताणाने पिवळे पडलेले पीक : निकट-अवरक्त ३० टक्के, तांबडा १२ टक्के. वजाबाकी १८, बेरीज ४२, निर्देशांक सुमारे ०.४३.

उघडी जमीन : निकट-अवरक्त २५ टक्के, तांबडा १८ टक्के. वजाबाकी ७, बेरीज ४३, निर्देशांक सुमारे ०.१६.

पाण्याचा निर्देशांक बहुधा शून्याच्या खाली जातो. अर्थात, आकडा जितका १ च्या जवळ तितका हिरवा पर्णसंभार दाट, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ आहे.

केवळ एका दिवसाच्या आकड्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. जुलैच्या आरंभी पीक लहान असते, तेव्हा निर्देशांक कमीच असणार. म्हणून त्याच ठिकाणच्या, त्याच पंधरवड्यातील मागील अनेक वर्षांच्या आकड्यांशी त्याची तुलना करतात. एखाद्या क्षेत्राचा ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यातील आजवरचा नीचांक ०.३० व उच्चांक ०.७० असेल आणि यंदा तो ०.४० भरला, तर ०.४० पैकी केवळ ०.१०, म्हणजे २५ टक्के इतकीच मजल पिकाने गाठली, असे समजते. अशा तुलनेमुळे मुळातच विरळ वाढीचा मुरमाड पट्टा आणि दुष्काळाने खुरटलेला पट्टा यांतील भेद कळतो.

कार्यालयातून येणाऱ्या काही चित्रांत उभी पिके तांबडी दिसतात. ती जळालेली आहेत, असे समजू नये. डोळ्यास न दिसणाऱ्या निकट-अवरक्त किरणांना चित्रात तांबडा रंग देण्याची पद्धत आहे. त्यामुळे अशा चित्रातील गडद तांबडा भाग म्हणजे दाट हिरवे पीक होय.

गुंठा आणि चित्रकण

उपग्रहाचे चित्र लहान चौकोनांचे बनलेले असते. त्या प्रत्येक चौकोनास चित्रकण म्हणावे. एका चित्रकणातील सर्व वस्तूंचा मिळून एकच आकडा येतो. युरोपीय अंतराळ संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रात या कामाच्या किरणांसाठी चित्रकण १० मीटर लांब व १० मीटर रुंद असतो. त्याचे क्षेत्र १०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा भरते. या मालिकेतील दोन उपग्रह मिळून दर ५ दिवसांनी त्याच ठिकाणी येतात. रिसोर्ससॅट मालिकेतील ‘लिस-३’ या उपकरणाचा चित्रकण २३.५ मीटरचा, म्हणजे सुमारे साडेपाच गुंठ्यांचा असतो. त्याच मालिकेतील ‘अ‍ॅविफ्स’ उपकरणाचा चित्रकण ५६ मीटरचा, म्हणजे ३१ गुंठ्यांचा असला तरी ते एकाच वेळी फार मोठा प्रदेश पाहते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जिल्ह्याचे किंवा तालुक्याचे पीक पाहण्यास मोठा चित्रकण चालतो. पण १५ गुंठ्यांच्या तुकड्यावर ५६ मीटरच्या चित्रकणाचा आकडा लावता येत नाही, कारण त्यात शेजाऱ्याचे शेत, बांधावरची बाभूळ आणि गाडीवाट यांचाही वाटा असतो. आपल्याकडील खातेफोड, लहान तुकडे आणि मिश्रपिके यांमुळे ही मर्यादा विशेष जाणवते.

पीक ओळखण्याची रीत

हिरवेपणावरून पीक कोणते ते एका चित्रात कळत नाही. ऑगस्टमध्ये सोयाबीनही हिरवे, कापूसही हिरवा आणि तूरही हिरवीच. परंतु प्रत्येक पिकाच्या हिरवेपणाचे वेळापत्रक निराळे असते. जूनअखेर पेरलेले सोयाबीन ऑगस्टच्या उत्तरार्धात दाट होते व सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात पाने गाळते. कापसाचा हिरवेपणा नोव्हेंबरपर्यंत व पुढेही टिकतो. तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी राहते. रब्बी ज्वारीचे शेत खरिपात उघडे असते व ऑक्टोबरनंतर हिरवे होते. ऊस तर भर उन्हाळ्यातही हिरवा असतो. म्हणून हंगामभराची चित्रे ओळीने मांडून चढउताराची रेषा काढतात आणि तिच्या आकारावरून पीक ओळखतात.

कोणती रेषा कोणत्या पिकाची, हे मात्र संगणकास आधी शिकवावे लागते. त्यासाठी प्रत्यक्ष शेतावर जाऊन ‘या ठिकाणी, या दिवशी, हे पीक उभे होते’ अशा नोंदी घ्याव्या लागतात. या नोंदी खऱ्या असतील तर संगणक बरोबर शिकतो. पडीक शेतावर भाताची नोंद केली असेल तर पडीकातील गवतास भात समजण्यास तो शिकतो, आणि ही चूक एका गटापुरती न राहता सर्व मंडळावर पसरते.

ढगांची अडचण

खरिपाच्या ऐन वाढीच्या काळात आकाश ढगांनी भरलेले असते आणि साध्या उपकरणास ढगांपलीकडचे दिसत नाही. यावर रडार हा उपाय आहे. रडार-उपग्रह सूर्यप्रकाशावर अवलंबून न राहता स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो व परत येणाऱ्या लहरी मोजतो. या लहरी ढगांतून आरपार जातात. त्यामुळे रात्री व पावसाळ्यातही पाहणी होऊ शकते. लावणीच्या वेळी भातखाचरात पाणी साचलेले असते. सपाट पाण्यावरून लहरी दुसरीकडे परावर्तित होतात व खाचर चित्रात काळे दिसते. पुढे रोपांची वाढ होऊ लागली की तेच खाचर उजळत जाते. या खुणेमुळे कोकणातील व भंडारा-गोंदिया भागातील भाताचे क्षेत्र रडारने चांगले ओळखता येते. भारताने १४ फेब्रुवारी २०२२ रोजी ईओएस-०४ हा रडार-उपग्रह सोडला, तर भारत व अमेरिका यांचा संयुक्त ‘निसार’ उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी कक्षेत गेला.

हिरवेपणा म्हणजे उत्पन्न नव्हे

उपग्रहास पाने दिसतात, दाणा दिसत नाही. पर्णसंभारावरून उत्पन्नाचा अंदाज करता येतो, कारण सामान्यतः पाने चांगली तर दाणा चांगला. परंतु याला अपवाद पुष्कळ आहेत. सोयाबीन शेंगा भरण्याच्या अवस्थेत असता पावसाने ओढ दिली तर पाने काही काळ हिरवी राहतात, पण दाणा बारीक भरतो. नत्राची मात्रा अधिक झाली तर पीक माजते व शेंगा कमी धरते. कापसाच्या बोंडात गुलाबी बोंडअळी असताना झाड वरून हिरवेगार दिसते. कापून ठेवलेला सोयाबीनचा ढीग पावसात भिजून कुजला तर त्याची कोणतीही खूण या निर्देशांकात उमटत नाही. उलट, पीक मोडून गेलेल्या शेतात गाजरगवत माजले तर निर्देशांक वाढलेलाच दिसतो. या सर्व बाबी शेतात पाय ठेवणाऱ्या माणसासच समजतात.

दुष्काळ व पीकविमा

या आकड्यांवर आता मोठे निर्णय अवलंबून असतात. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार पावसाची तूट आढळल्यावर पेरणीचे क्षेत्र, वनस्पती निर्देशांक, जमिनीतील ओलावा व जलसाठे यांचा विचार होतो. त्यानंतर तालुक्यातील १० टक्के गावे निवडून तेथील पिकांची प्रत्यक्ष पडताळणी करावयाची असते. या संहितेच्या आधारे महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत व ऑक्टोबर २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. उपग्रहाच्या आकड्यानंतरही शेतावरील पडताळणीची पायरी ठेवलेली आहे, ही बाब ध्यानात घ्यावी.

प्रधानमंत्री पीकविमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात व गहू या पिकांसाठी तंत्रज्ञानावर आधारित उत्पन्नाच्या अंदाजास किमान ३० टक्के वजन देण्याची तरतूद झाली. हे प्रमाण राज्य, पीक व हंगाम यांनुसार बदलते; म्हणून त्या त्या हंगामाची अधिसूचना पाहावी. या वजनाचा परिणाम काय होतो, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू.

एका महसूल मंडळात भाताचे उंबरठा उत्पन्न हेक्टरी २,००० किलो आहे व विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये आहे. कापणी प्रयोगांचे सरासरी उत्पन्न १,६०० किलो आले. केवळ त्यावर हिशेब केल्यास तूट ४०० किलो, म्हणजे २० टक्के; भरपाई हेक्टरी १०,००० रुपये. आता उपग्रहाधारित अंदाज २,००० किलो आला व त्यास ३० टक्के वजन दिले, तर १,६०० चे ७० टक्के १,१२० आणि २,००० चे ३० टक्के ६००, मिळून १,७२० किलो उत्पन्न धरले जाते. तूट २८० किलो, म्हणजे १४ टक्के. भरपाई ७,००० रुपये. उपग्रहाचा अंदाज बरोबर असेल तर ही भरपाई न्याय्य ठरते. पण चुकीच्या स्थळ-नोंदींमुळे गवतास भात समजून तो अंदाज फुगला असेल, तर मंडळातील प्रत्येक विमाधारक शेतकऱ्याचे हेक्टरी ३,००० रुपयांचे नुकसान होते. ज्याने नोंद नीट केली त्याचेही नुकसान होते आणि ज्याने केली नाही त्याचेही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी घ्यावयाची दक्षता

१. स्थळ-नोंद शेतात उभे राहूनच घ्यावी. रस्त्यावरून किंवा चावडीवर बसून घेतलेल्या नोंदीचे अक्षांश-रेखांश दुसऱ्याच जागेचे असतात.

२. नोंदीसाठी निवडलेल्या शेतात एकच पीक सलग असावे. १० मीटरच्या चित्रकणासाठी निदान ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद, म्हणजे सुमारे ९ गुंठ्यांचा सलग तुकडा असावा. नोंद मध्यभागी घ्यावी. बांध, झाड, विहीर व वाट टाळावी.

३. पिकाच्या नावाबरोबर पेरणीची तारीख, वाढीची अवस्था, ओलित की कोरडवाहू आणि तणांचे प्रमाण लिहावे. आंतरपीक असल्यास ओळींचे प्रमाण द्यावे. सोयाबीनमध्ये तूर असेल तर सोयाबीन काढल्यानंतरही शेत हिरवे राहते. ही नोंद नसल्यास घोटाळा होतो.

४. दुबार पेरणी, मोडलेले पीक व पडीक जमीन यांच्याही नोंदी घ्याव्यात. चांगल्या पिकाइतकेच वाईट पिकाचे ज्ञान संगणकास आवश्यक असते.

५. कापणी प्रयोगासाठी ठरलेले शेत व ठरलेला तुकडा बदलू नये. चांगले किंवा वाईट पीक पाहून तुकडा निवडल्यास प्रयोगाचे मूल्यच नष्ट होते, व उपग्रहाचा अंदाज पडताळून पाहण्याचे साधनही हातचे जाते.

शेतकऱ्यांसाठी

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली असून, शेतकऱ्यास आपल्या गटातील पिकाची नोंद मोबाइलवरून छायाचित्रासह स्वतः करता येते. ही नोंद मुदतीत व खरी करावी. जे पीक उभे आहे तेच लिहावे. मोबाइल चालविता येत नसल्यास घरातील शिकत्या मुलामुलींचे किंवा गावातील सहायकाचे साहाय्य घ्यावे, परंतु शेतावर स्वतः हजर राहावे.

उपग्रहाच्या चित्राचा उपयोग आपल्या शेतातील दोष शोधण्यासही होतो. एकाच शेतातील एखादा पट्टा दोन-तीन वर्षे सतत कमी हिरवा दिसत असेल, तर तेथे जमीन चिबड अथवा चोपण झाली आहे काय, मुरूम वर आला आहे काय, की ठिबकच्या नळ्या चोंदल्या आहेत, हे जाऊन पाहावे. आवश्यक तर तेथील मातीचा नमुना वेगळा घेऊन तपासून घ्यावा. केवळ चित्रातील रंग पाहून खत देऊ नये वा औषध फवारू नये. पीक पिवळे पडले आहे, एवढे चित्र सांगते. ते पाण्यावाचून, लोहाच्या कमतरतेने, की पिवळ्या मोझॅक रोगाने पिवळे पडले, याचा निर्णय पान हाती घेऊनच करावा लागतो.

उपग्रहामुळे दूरवरची शिवारे दर पाच दिवसांनी पाहणे शक्य झाले आहे, आणि कोणत्या गावाकडे आधी लक्ष द्यावे हे लवकर समजू लागले आहे. हा लाभ लहान नाही. तथापि त्या आकड्यांचा खरेपणा शेवटी गावातून जाणाऱ्या नोंदींवर अवलंबून आहे. या खरिपात प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील पिकांच्या नोंदी शेतावर जाऊन पूर्ण कराव्यात आणि शेतकरी बंधू-भगिनींनी त्यांस साहाय्य करावे. म्हणजे दुष्काळाचा निर्णय असो वा विम्याची भरपाई, तिचा आधार पक्का राहील.